लेखकाच्या हातचे ई-पुस्तक

मराठी लेखकाने आपले पुस्तक आपणच काढणे ही आजची गोष्ट नव्हे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग छापले, तेव्हा छापखाना उभारण्यापासून शाई आणि पुढे अक्षरांचे खिळे तयार करण्यापर्यंतची कामे त्यांनी स्वतःच अंगावर घेतली. जोतीराव फुले यांनी आपली कित्येक पुस्तके स्वतः प्रसिद्ध केली. ते जे सांगत होते ते जसेच्या तसे छापायला दुसरे कोणी सहजासहजी पुढे येण्याचा तो काळ नव्हता. १९५०च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर काढले, आणि त्यामागोमाग लघुअनियतकालिकांची एक पिढीच उभी राहिली. स्वतःच्या ई-पुस्तकाकडे वळणाऱ्या वाचकांनी ही परंपरा आधी ध्यानात घ्यावी. प्रकाशक मिळाला नाही म्हणून पत्करायची ही पडती वाट आहे, असा समज मनात असेल तर तो इथेच सोडून द्यावा. साधन हातात आले की मराठी लेखकाने ते वापरले आहे, आणि आज हातात आलेले साधन आजवरच्या कुठल्याही साधनापेक्षा स्वस्त आणि दूरवर पोचणारे आहे.

ई-पुस्तकाचा इतिहास पन्नास वर्षांहून जुना आहे. ४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकून इतरांसाठी खुला केला. त्यातूनच पुढे ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ हे मोफत ग्रंथभांडार उभे राहिले. विक्रीची बाजू बऱ्याच उशिरा आली. नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनने किंडल हे ई-पुस्तके वाचण्याचे यंत्र बाजारात आणले आणि त्याचबरोबर लेखकाला आपले पुस्तक स्वतः दुकानात मांडण्याची सोय करून दिली. मराठी पुस्तकांना तिथे रीतसर जागा मिळाली ती २०१६च्या अखेरीस, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्यासोबत. तोवर मराठी माणूस हातावर हात ठेवून बसला नव्हता. ई-साहित्य प्रतिष्ठानने नव्या-जुन्या लेखकांची पुस्तके विनामूल्य वाचकांपर्यंत पोचवण्याचे व्रत घेतले, पुण्याच्या बुकगंगाने मराठी ई-पुस्तकांचे दुकान थाटले, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपले मोलाचे ग्रंथ आपल्या संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येतील असे ठेवले. या क्षेत्रात पाऊल टाकण्यापूर्वी तुम्ही या तिन्ही ठिकाणची दोन-चार पुस्तके आपल्या फोनवर उघडून जरूर वाचावीत. काय सुखाने वाचले जाते आणि कुठे डोळा अडखळतो, याचा अंदाज त्यातून जितका येतो तितका कुठल्याही वर्णनातून येत नाही.

आता हा विषय लक्ष देण्याजोगा का, ते सांगतो. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्यांच्यासाठी निघणाऱ्या छापील पुस्तकाची आवृत्ती मात्र बहुधा पाचशे ते हजार प्रतींची असते, आणि त्या प्रती पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर अशा मोजक्या शहरांतल्या दुकानांत विसावतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात सहज मिळणारे पुस्तक गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला सिरोंच्यातल्या शिक्षकाला मागवावे लागते, बंगळुरूतल्या मराठी कुटुंबाला कुणी येणारे-जाणारे गाठावे लागते आणि न्यू जर्सीतल्या वाचकाला तर पुस्तकाच्या किमतीपेक्षा टपालखर्चच अधिक पडतो. ई-पुस्तकाला हे अंतर नाही. त्याची आवृत्ती संपत नाही आणि पडूनही राहत नाही.

याहून मोठी गोष्ट पुस्तकाच्या आकाराची आहे. छपाईच्या हिशेबात चाळीस-पन्नास पानांचे पुस्तक बसत नाही. त्याला पाठ येत नाही, दुकानदार ते मांडत नाही, आणि किंमत लावावी तर ती खर्चही भरून काढत नाही. त्यामुळे पुस्तक म्हणून पुरेसे मोठे नाही आणि मासिकात मावत नाही, असा कितीतरी मजकूर मराठीत लिहिलाच जात नाही. एका गावाच्या जत्रेचा इतिहास, एका नदीकाठच्या मासेमारीची माहिती, एका घराण्यातल्या बखरीवरचे टिपण, आजीच्या हातच्या पाककृती, एखाद्या घाटवाटेची वाटचाल, निवृत्त तंत्रज्ञाने आपल्या कामाबद्दल लिहिलेले शंभर परिच्छेद, एखादी दीर्घकथा. हे सारे ई-पुस्तकात सन्मानाने नांदू शकते. माझ्या मते मराठी ई-पुस्तकाचे खरे भाग्य छापील कादंबरीची दुसरी प्रत होण्यात नाही, या अनाथ आकाराच्या लेखनाला घर देण्यात आहे. तुमच्याकडे असे काही असेल, तर ते वाढवून दोनशे पाने करण्याच्या भरीला पडू नका. आहे तेवढेच नेमके लिहा.

मराठीपुरता या क्षेत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे अक्षरे संगणकात कशी साठवली जातात तो. इंग्रजीत लिहिणाऱ्याला याचा विचार करावा लागत नाही. आपल्याला करावा लागतो, आणि तो केला नाही तर पुढचे सारे काम फुकट जाते. १९९०च्या दशकात मराठी छपाई डीटीपीवर, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीवर, गेली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, आकृती अशा प्रणालींनी त्या काळात मराठी प्रकाशनव्यवहार अक्षरशः तोलून धरला. त्यांचे ऋण मोठे आहे. पण या प्रणालींत अक्षर म्हणजे एक चित्र होते. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि कुठल्या तुकड्याला कुठली जागा हे प्रत्येक प्रणालीने आपापले ठरवले होते. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते.

युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडवला. १९९१पासून वाढत गेलेल्या या जागतिक मानकात देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा आहे. क म्हणजे क, मग तो कुठल्याही फाँटात, कुठल्याही यंत्रावर असो. तुमचे हस्तलिखित आज नव्याने टंकले जाणार असेल तर ते इनस्क्रिप्ट, फोनेटिक किंवा फोनवरच्या कळफलकाने युनिकोडमध्येच टंका, बोलून उतरवलेत तरी चालेल. पण दहा-वीस वर्षांपूर्वी छापलेले पुस्तक ई-रूपात आणायचे असेल, तर अक्षरजुळणी करणाऱ्याकडची जुनी फाइल आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागते. ते करणारी साधने आहेत, मात्र त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असे, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनाच्या मागून येते. रूपांतर करताना वेलांटी उचलून योग्य जागी न्यावी लागते, आणि ‘स्थिती’, ‘दृष्टिकोन’, ‘शक्तिमान’ अशा जोडाक्षरांच्या शब्दांत ती नेमकी चुकीच्या अक्षरावर जाऊन बसण्याचा संभव असतो.

चुकण्याचे दुसरे ठिकाण रफाराचे. मराठीत ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘सुऱ्या’ या शब्दांतला अर्धा र आडवा, पापणीसारखा लिहिला जातो आणि ‘सूर्य’, ‘कार्य’ यांतला र डोक्यावर जातो. हिंदीला हा भेद लागत नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेली साधने तो पुसून टाकतात. ‘आचाऱ्यांना जेवणाचे पैसे दिले’ या वाक्यात रफार डोक्यावर गेला की स्वयंपाक्याचे पैसे थेट गुरुवर्यांच्या हातात पडतात. आणखी एक बारकावा आहे. हा आडवा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्ता असलेल्या ऱ पासून, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. त्यापूर्वीच्या मजकुरात ते अ आणि चंद्र यांच्या जोडणीने लिहिलेले असते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण शोधताना यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटतात. एका पुस्तकात एकच रीत ठेवा. ‘शोधा आणि बदला’ या आज्ञेने हे काम काही मिनिटांत होते, आणि त्यामुळे तुमचे पुस्तक पुढच्या वाचकाला शोधण्याजोगे होते.

अक्षर ठीक झाले की रचनेचा प्रश्न येतो. पीडीएफ आणि ईपब यांतला फरक वाचकांनी सुरुवातीलाच समजून घ्यावा, कारण बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. पीडीएफ हे छापील पानाचे चित्र आहे. पानाचा आकार आणि ओळ कुठे तुटणार हे सारे त्यात ठरलेले असते. डेमी आकाराचे पान सहा इंची फोनवर पाहिले की वाचक दोन बोटांनी ते मोठे करतो, ओळ उजवीकडे सरकवतो, पुन्हा डावीकडे आणतो आणि चार पानांत कंटाळतो. ईपबमध्ये पान नसते. ते मुळात एक गाठोडे आहे: आत प्रकरणांच्या फाइली, त्या कशा दिसाव्यात हे सांगणारी एक फाइल, चित्रे, फाँट आणि पुस्तकाची माहिती. वाचक अक्षर मोठे करील तसा मजकूर नव्याने जुळतो. साठी उलटलेल्या वाचकाला चष्मा न शोधता वाचता येते, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना यंत्राकडून ऐकता येते. वेबच्याच मानकांवर उभे असलेले हे रूप २००७मध्ये मान्य झाले, २०११मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली आणि आज त्याची देखभाल डब्ल्यूथ्रीसी ही वेबची मानके ठरवणारी संस्था करते. शब्दशः पान जपायचे असेल, म्हणजे चित्रमय बालपुस्तक किंवा नकाशांचा संग्रह असेल, तर पीडीएफ रास्त. बाकी सारे ईपबमध्ये करावे.

नवख्या माणसाने ईपब करण्यासाठी सिजिल आणि कॅलिबर ही दोन मोफत साधने पुरेशी आहेत. त्याहीआधी शिकायची गोष्ट शब्दसंस्करणातली आहे: प्रकरणाचे शीर्षक नुसते ठळक आणि मोठे करू नका, त्याला ‘शीर्षक’ ही शैली द्या. यंत्राला ठळक अक्षरांतून शीर्षक कळत नाही, शैलीतून कळते, आणि अनुक्रमणिका आपोआप तयार होते ती तिच्यावरूनच. परिच्छेदाची सुरुवात स्पेसबार दाबून आत ढकललेली नसावी, आणि दोन प्रकरणांमधली जागा एंटर दाबून केलेली नसावी. कवितेचे आणि अभंगांचे मात्र वेगळे पाहावे लागते. मोठ्या अक्षरात ओळ मोडली तर ती मोडलेली आहे हे वाचकाला कळले पाहिजे, म्हणून मोडून खाली आलेला तुकडा थोडा आत सरकेल अशी योजना करतात. मराठी मजकूर दोन्ही कडांना समतोल बसवण्याचा हट्टही फोनवर सोडावा. आपले सामासिक आणि प्रत्यय लागलेले शब्द लांब असतात, अरुंद पडद्यावर ते ओळीत मावत नाहीत आणि शब्दांमध्ये खिंडारे पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, आणि मात्रा-उकार एकमेकांना भिडणार नाहीत इतके दोन ओळींत अंतर, एवढे केले की पान शांत दिसते.

फाँटाबद्दल दोन गोष्टी. पहिली परवान्याची: संगणकात आहे तो प्रत्येक फाँट पुस्तकात घालून विकण्याची मुभा असतेच असे नाही. सुदैवाने एक टाइपचा मुक्त, टिरो देवनागरी मराठी, नोटो यांसारखे देखणे फाँट मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. दुसरी भाषेच्या खुणेची. ईपबच्या आत पुस्तकाची भाषा मराठी आहे असे नोंदवण्याची जागा असते. ती रिकामी ठेवू नका आणि तिथे हिंदी तर मुळीच लिहू नका. मराठी ल आणि मराठी श यांची वळणे हिंदीहून निराळी आहेत, आणि काही फाँट ती खूण वाचूनच आपले मराठी वळण बाहेर काढतात. बाळबोध वळणाचा तो ल पडद्यावर पाहिला की छापील पुस्तक हातात घेतल्याचे समाधान मिळते, असा माझा अनुभव आहे.

संपादनाबद्दल मी थोडक्यात पण आग्रहाने लिहितो. प्रकाशक बाजूला झाला म्हणजे प्रकाशकाचे काम नाहीसे होत नाही. ते लेखकाकडे येते. मुद्रितशोधन दुसऱ्याकडून करून घ्यावे, शक्य तर मोबदला देऊन. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, १९६२चे चौदा आणि १९७२मध्ये भर पडलेले चार, हे बहुतेक पुस्तकांना पुरेसे आहेत. अडेल तिथे अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ जवळ असावा. मुखपृष्ठासाठी चित्रकाराला विचारताना ते दुकानाच्या यादीत बोटाच्या नखाएवढे दिसणार आहे, हे आवर्जून सांगावे. किंडलसाठी २५६० बाय १६०० पिक्सेलचे उभे चित्र सुचवले जाते, पण पुस्तकाचे नाव त्या नखाएवढ्या चित्रात वाचता आले तरच ते मुखपृष्ठ साधले.

हक्कांचा विषय अनेकांना रुक्ष वाटतो, आणि तरीही जुन्या मराठी पुस्तकांच्या दृष्टीने तोच सर्वांत आशादायक आहे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे हक्क टिकतो आणि हक्क मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. साने गुरुजींचे निधन १९५०मध्ये झाले, म्हणून २०११पासून ‘श्यामची आई’ कुणालाही प्रसिद्ध करता येते. पण २०१२च्या दुरुस्तीकडे फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा कराराने स्पष्ट उल्लेख केला नसेल, तर त्या माध्यमाचे हक्क त्या कराराने दिले गेले असे धरता येत नाही, असे ती दुरुस्ती सांगते. शिवाय करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. १९७०-८०च्या दशकांत कादंबऱ्या, प्रवासवर्णने, शेतीवरची पुस्तके लिहून गेलेल्या किती लेखकांच्या मुलांकडे आज ई-पुस्तकाचे हक्क असू शकतील, याचा विचार करा. घरातल्या कपाटातले जुने करारपत्र काढा, त्याची तारीख पाहा आणि जाणकार वकिलाला एकदा दाखवून घ्या. मूळ प्रकाशकाशी बोलून, त्यांचा मान राखून हे करावे. बहुतेकदा त्यांनाही पुस्तक पुन्हा वाचले जावे असेच वाटत असते.

विक्रीकडे वळताना मन शांत ठेवावे. छापील पुस्तकावर लेखकाला किमतीच्या दहा ते पंधरा टक्के मानधन मिळणे चांगले समजले जाते. किंडलवर दोन दर आहेत, ३५ आणि ७० टक्के. आकड्यांतला फरक पाहून लगेच दुसऱ्यावर शिक्का मारू नका. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर किंमत ठरावीक मर्यादेत ठेवावी लागते आणि पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत द्यावे लागते. ती योजना नव्वद दिवसांच्या टप्प्यांची असते आणि त्या काळात पुस्तकाची ई-आवृत्ती इतर कुठेही विकता येत नाही, मोफत वाटताही येत नाही. या दरात फाइल पोचवण्याचा खर्चही तिच्या आकाराप्रमाणे कापला जातो, म्हणून छायाचित्रांनी भरलेले पुस्तक कधीकधी ३५ टक्क्यांत अधिक फायद्याचे ठरते. वर्गणीदार वाचकांकडून मिळणारे पैसे वाचलेल्या पानांवर मोजले जातात. महिन्याची रक्कम तो महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी बँकेत जमा होते. अमेरिकेतल्या विक्रीसाठी कराचा अर्ज भरताना पॅन क्रमांक द्यायला विसरू नये: भारत-अमेरिका करारामुळे मानधनावरची कपात ३० टक्क्यांऐवजी १५ टक्के होते. हे नियम कंपनी अधूनमधून बदलते, तेव्हा पुस्तक चढवण्याच्या दिवशी ते पुन्हा वाचून घ्यावेत.

एकाच दुकानाशी बांधून घ्यायचे नसेल तर गूगल प्ले बुक्स आणि बुकगंगा हे मार्ग आहेत. ज्यांना आधी वाचक जमवायचे आहेत त्यांना ‘प्रतिलिपी’ या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने लिहिता येते. स्टोरीटेल ही ध्वनिपुस्तकांची सेवा २०१७च्या अखेरीस भारतात आल्यापासून मराठीत ऐकण्याची पुस्तके हा स्वतंत्र प्रवाह झाला आहे, म्हणून ध्वनीचे हक्क कुठल्याही करारात नकळत देऊन टाकू नयेत. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक नवी दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. किंडलला तो लागत नाही, पण इतरत्र विकायचे असेल तर असलेला बरा, आणि छापील आवृत्तीचा क्रमांक ई-आवृत्तीला चालत नाही.

पुस्तक विकले जाण्यात जिचा सर्वांत मोठा वाटा असतो ती गोष्ट लेखक सर्वांत घाईने उरकतो. ती म्हणजे पुस्तकाची माहिती भरण्याची चौकट. अनेक मराठी वाचक पुस्तकाचे नाव रोमन अक्षरांत टंकून शोधतात, म्हणून नाव आणि लेखकाचे नाव दोन्ही लिप्यांत, दुकानाच्या नियमांत बसेल तिथे, द्यावे. परिचय लिहिताना ‘वाचकांना नक्कीच आवडेल’ असली वाक्ये गाळावीत. पुस्तक कशाबद्दल आहे, कुठल्या गावातले आहे, कुठल्या काळातले आहे हे सरळ सांगावे. कोकणातल्या खारभूमीवरच्या पुस्तकाच्या परिचयात रायगड जिल्हा, खारबंदिस्ती, मिठागरे हे शब्द आले, तर ते शोधणारा माणूस तिथे पोचेल. असा माणूस कदाचित वर्षाला चाळीसच वेळा येईल. त्या चाळीस जणांना ते पुस्तक हवेच होते.

पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते, ही तक्रार प्रत्येक लेखक करतो आणि ती खरी आहे. कुलूप लावून हे थांबत नाही. रास्त किंमत, फोनवर नीट वाचता येणारी फाइल, आणि पहिल्या पानावर लेखकाने वाचकाशी बोललेले दोन सरळ शब्द, यांचा उपयोग मला अधिक वाटतो. मराठी वाचक लेखकाला पैसे द्यायला तयार असतो. त्याला ते सोप्या रीतीने देता आले पाहिजेत.

शेवटी जपणुकीबद्दल. १९५४च्या कायद्याप्रमाणे छापील पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईतल्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालयासह इतर ठरलेल्या ग्रंथालयांना देणे बंधनकारक आहे. त्यामुळे प्रकाशनसंस्था बंद पडली तरी पुस्तक कुठेतरी सापडते. निव्वळ ई-रूपात निघालेल्या पुस्तकाला हा आधार आपोआप मिळत नाही. दुकान बंद झाले, खाते बंद झाले, की पुस्तक दिसेनासे होते. म्हणून मूळ युनिकोड मजकूर, ईपब, मुखपृष्ठाचे चित्र आणि फाँटांचे परवाने एका फोल्डरमध्ये ठेवून त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात, आणि त्यांचा ठावठिकाणा घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवावा. पुस्तकातल्या श्रेयपानावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख लिहावी. चूक दुरुस्त करून नवी फाइल चढवलीत तर क्रमांक बदलावा आणि काय दुरुस्त केले ते एका ओळीत नोंदवावे. उद्या तुमच्या पुस्तकातला उतारा कुणी आपल्या प्रबंधात घेतला, तर तो कुठल्या आवृत्तीतला हे त्याला सांगता आले पाहिजे. ईपबमध्ये पानांचे क्रमांक नसतात, तेव्हा प्रकरणांना आणि लांब प्रकरणांतल्या भागांना क्रमांक द्यावेत, म्हणजे त्याला संदर्भ देता येईल.